डब्याखालची जमीन

१

डबा हलवायच्या आधी धर्मादादा नेहमी त्याच्या खाली जायचे. जमिनीवर गोणपाट अंथरायचं, टोपी काढून ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवायची आणि उताणं होऊन पाठीवर सरकत सरकत आत शिरायचं. मग बाहेर फक्त त्यांचे पाय दिसायचे. आतून पाइपांवर पान्याची टकटक ऐकू यायची आणि शेवटी आवाज यायचा, "दीड वीत हाय. चला."

दीड वीत म्हणजे डब्याखाली सगळ्यात खाली लोंबणारा पाइप आणि जमीन यांच्यातलं अंतर. तेवढं असलं की आम्ही निघायचो.

हे दोन हजार एक सालचं. मी तेव्हा कल्याणच्या एका संस्थेत नर्स होते. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमधून गरोदर बायकांसाठी संस्थेने फिरता दवाखाना काढला होता. हा दवाखाना म्हणजे चाकांवरचं एक घर. कुठल्याशा धरणाच्या कामावर परदेशी साहेबाला राहायला आणलेलं आणि काम संपल्यावर गवतात पडून राहिलेलं. आत एक खाट, तपासायचं टेबल, ओटा, बेसिन आणि मागच्या बाजूला एवढीशी न्हाणी. बाहेरून पांढऱ्या पत्र्याचा डबा. म्हणून सगळे त्याला डबाच म्हणायचे.

साहेबाचा डबा डांबरी रस्त्यासाठी बनवलेला, त्यामुळे फार बुटका. बेसिनचं आणि न्हाणीचं पाणी खाली बसवलेल्या एका टाकीत जमायचं आणि टाकीतून एक जाड पाइप खाली उतरायचा. त्याला कॉक होता. वाटेतल्या दगडाला, बांधाला पहिला लागायचा तो हा पाइपच. दोनदा फुटला, दोनदा धर्मादादांनी नवा बसवला. "त्या साहेबाच्या देशात दगड नसतील का हो?" ते विचारायचे.

भात कापणी झाली की धर्मादादांचा ट्रॅक्टर भारे वाहायला जायचा. तेवढे दिवस डबा एका जागी राहायचा. त्या वर्षी तो हेदवाडीत लावला होता, शाळेच्या मागच्या मैदानावर. चांगली सपाट, मोकळी जागा. पोरं तिथे चेंडू खेळायची, बायका नाचणी वाळत घालायच्या. त्या जागेबद्दल कुणी कधी काही वाईट बोललं नव्हतं. नंतर मी फिरून फिरून सगळ्यांना विचारलं. कुणाला सांगायला काहीच नव्हतं.

२

माझ्यासोबत डब्यात सकूमावशी राहायच्या. त्या वैशाखऱ्याच्या, दवाखान्यात आयाचं काम करायच्या. बायकांना धीर द्यायचा, कपडे उकळायचे, पाणी भरायचं, आणि दुपारी तपासणी संपली की वाकून टाकीचा कॉक उघडायचा. पाणी भसकन खाली पडायचं आणि धर्मादादांनी खणून दिलेल्या चरातून वाहत पलीकडच्या खड्ड्यात जायचं. त्या आवाजावर मावशी म्हणायच्या, "झालं बाय, दिवस संपला."

त्या दुपारी मी खिडकीपाशी औषधं लावत होते. कॉक फिरल्याचा आवाज आला. टाकीत गुडगुड झाली. पण पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

"बाय, जरा इकडं ये गो."

मी खाली उतरले. मावशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. टाकी रिकामी होत होती, हे पाइपाला हात लावल्यावर कळत होतं. चर मात्र कोरडा होता. खड्डाही कोरडा. तळाला आदल्या दिवशीचा साबणाचा पांढरा पापुद्रा वाळून भेगाळला होता.

"पानी कुठं गेलं?" मावशींनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. पाइपाचं तोंड डब्याच्या पोटाखाली, सावलीत होतं, नीट दिसत नव्हतं. त्याच्या आसपासची जमीन ओलीसुद्धा नव्हती.

"जमीन प्यायली असेल," मी म्हटलं. "पाऊस जाऊन महिना झाला. तहानलीय."

हे मी अगदी सहज बोलले. आणि खरं म्हणजे तसंच असणार, असं मला वाटलंही. भुसभुशीत माती, खाली उंदराचं बीळ, पाणी बिळातून गेलं. एवढं साधं. फक्त एक गोष्ट मनात अडकून राहिली. पाणी जाताना पाइपातून येणारा आवाज एकसलग नव्हता. थांबत थांबत येत होता. घोट, घोट, घोट, मग जरासा थांबा. पाइपात हवा अडकली की असं होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि वर गेले.

मावशी बराच वेळ तिथेच बसून होत्या.

३

चार-पाच दिवसांनी धर्मादादा पाण्याची पिंपं घेऊन आले. आलेच आहेत तर पाइप बघून घेतो म्हणाले. गोणपाट अंथरलं, टोपी काढली आणि सरकायला लागले. छातीपर्यंत गेले आणि थांबले.

"काय झालं?"

"खांदा अडतोय."

ते बाहेर आले. अंगाने ते धिप्पाड होते, पण गेली दोन वर्षं याच डब्याखाली शिरत होते. त्यांनी एकेका टायरला लाथ मारून पाहिली. हवा होती. चाकं रुतली असतील म्हणून माती उकरून पाहिली. चाकं जमिनीवर जशीच्या तशी होती. मग त्यांनी मला आत पेल्यात काठोकाठ पाणी भरून ओट्यावर ठेवायला सांगितलं. पाणी कुठेच कललं नाही. डबा सरळ उभा होता.

ते पालथे झोपले आणि हात आत घालून पाइपाखाली वीत टेकवली. वीतभरसुद्धा जागा नव्हती. चार बोटं.

"डबा खाली नाय बसला, सिस्टर," ते हात झाडत म्हणाले. "जमीन वर आलीय."

"वारूळ असेल."

"असंल."

त्यांनी लांब दांड्याचं फावडं आणलं आणि बाहेरूनच आत घालून उंचवटा खरवडायला सुरुवात केली. माती सहज निघाली. मैदानावरची माती तांबूस होती; ही करडी, तुकतुकीत, मळलेल्या पिठासारखी. तिच्यात वाळवी नव्हती. मुंग्या नव्हत्या. गवताचं एक मूळसुद्धा नव्हतं. मी चिमूट उचलून पाहिली. सकाळची वेळ होती, दवाने सगळं मैदान गार पडलं होतं. ती माती कोमट होती.

मी हात पदराला पुसला आणि लगेच आत जाऊन साबणाने धुतला. बेसिनमधून ते पाणी खाली गेलं, आणि ते जाताना मला पुन्हा तो आवाज ऐकू आला. कॉक तर बंद होता. पाणी टाकीतच पडत होतं. पण खालून, टाकीच्याही खालून, कुणीतरी ते पाणी यायची वाट बघत असावं, तशी एक हालचाल मला पायांच्या तळव्यांना जाणवली.

दुसऱ्या दिवशी उंचवटा पुन्हा तिथेच होता. होता त्याहून वर.

"चार दिवस द्या," धर्मादादांनी निरोप पाठवला. "भारे टाकून येतो आणि डबा सडकेला नेऊन लावतो."

४

मावशींनी आणि मी बेसिन वापरणं बंद केलं. हात बादलीत धुवायचे, बादली दूर हेदाच्या झाडापाशी नेऊन ओतायची. न्हाणीला तर मावशींनी बाहेरून कडी घातली.

शेवटचं पाणी सोडल्यावर मावशींनी कॉक उघडाच ठेवला होता; टाकीत आता पाण्याचा थेंब नव्हता. तरी खालून आवाज यायला लागला.

दिवसा यायचा, भर दुपारी जास्त. बायका तपासून घेऊन घरी गेल्या, शाळा सुटली, मैदान रिकामं झालं की सुरू व्हायचा. कोरड्या पाइपातून हवा ओढल्यासारखा. मी औषधाच्या पेट्या मोठमोठ्याने सरकवायचे. मावशी काहीतरी गुणगुणायच्या. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

एकदा न्हाणीतली बादली हवी होती म्हणून मी कडी काढून आत गेले. न्हाणीच्या कोपऱ्यात पाणी जायची जाळी होती. मावशींनी वाळत टाकलेलं एक फडकं दोरीवरून पडून त्या जाळीवर बसलं होतं. ते फडकं मधोमध आत ओढलं जात होतं. खोलगट व्हायचं, सैल पडायचं, पुन्हा खोलगट व्हायचं.

मी फडकं उचललं. मग काय मनात आलं कोण जाणे, उघडा तळवा जाळीवर ठेवला.

ओढ होती. जोराची नाही, पण सवयीची. तीन-चारदा पटापट, मग एकदा लांब, मग थांबा. त्या थांब्यात जाळीतून उबदार वाफ तळव्याला लागायची. आणि पुन्हा पटापट.

ही लय मला माहीत होती. कुठे अनुभवली हे त्या क्षणी आठवेना, म्हणजे आठवू द्यायचं नव्हतं. ज्या कामात माझी आठ वर्षं गेली होती, त्याच कामातली ती लय होती. बाळ पहिल्यांदा आईच्या छातीला लागतं तेव्हा आम्ही नर्सेस त्याच्या गालाजवळ कान नेऊन ऐकतो. ओढतंय, गिळतंय, श्वास घेतंय. ओढतंय, गिळतंय, श्वास घेतंय. तसं ऐकू आलं की आईला सांगतो, झालं हो, नीट लागलंय.

मी हात काढला. तळव्यावर जाळीची नक्षी उमटली होती.

"मावशी," मी बाहेर येऊन म्हटलं, "या जाळीवर काहीतरी जड ठेवा."

मावशींनी काहीही न विचारता प्लास्टिकचं कापड अंथरलं आणि वर सलाइनच्या बाटल्यांनी भरलेलं खोकं आणून ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला सात पोरं झाली गो बाय. मला कवाच कळलंय."

५

धर्मादादा ट्रॅक्टर घेऊन आले त्याच दुपारी गिरजा आली.

गिरजा हेदवाडीचीच, नामाची बायको. माहेर वैशाखऱ्याचं, म्हणून मावशींची लाडकी. पहिलटकरीण. तिला अजून पंधरवडा तरी अवकाश होता. पण ती शेतावरून परस्पर चालत आली होती, नामाचा दंड धरून, आणि लुगडं घोट्यापर्यंत भिजलं होतं.

"पानी गेलं, सिस्टर," ती दारातच म्हणाली.

दूर जायला वेळ नव्हता. मी तिला टेबलावर घेतलं. धर्मादादांना ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं. बाळंत व्हायला तिला फार वेळ लागला नाही. तासाभरात मुलगी झाली. किडकिडीत, पण आवाज खणखणीत. मावशींनी तिला पुसून गुंडाळली आणि गिरजाच्या छातीवर ठेवली. गिरजा हसली. नामाने बाहेरून विचारलं, "काय झालं?" मावशी म्हणाल्या, "लक्ष्मी आली रे."

आणि मग रक्त थांबेना.

वार पडली होती, पूर्ण पडली होती. तरी रक्त येत राहिलं. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले, पायाकडची बाजू उंच केली, सलाइन लावलं. रक्त टेबलावरून ओघळून खाली यायला लागलं. डब्याच्या जमिनीला न्हाणीकडे उतार होता. साहेबासाठी धुवायला सोपं जावं म्हणून मुद्दाम दिलेला. रक्ताची एक बारीक धार त्या उताराने निघाली आणि न्हाणीच्या दाराखालून आत गेली.

मी तिकडे बघितलं नाही. बघायला सवड नव्हती. पण आवाज आला. प्लास्टिक फाटल्याचा, मग बाटल्यांचं खोकं फरशीवर घासत सरकल्याचा. आणि त्यामागून पाइपातला तो आवाज, आता हपापलेला, मधला थांबा न घेणारा.

ओट्यावरची पेटी सरकून खाली पडली. डबा कलला होता.

"मावशी, ती धार थांबवा. कपडे टाका, काहीही टाका!"

मावशींनी चादरी, साड्या, अंगावरचा पदरसुद्धा दाराशी कोंबला. मी खिडकीतून ओरडले, "धर्मादादा, हिला मुरबाडला न्यायचंय. आत्ता. उचलून नाही नेता येणार, हलवली तर जाईल. असाच डबा ओढा!"

आकडा आधीच अडकवलेला होता. ट्रॅक्टर सुरू झाला. साखळी ताणली गेली, डबा पुढे झुकला, करकरला, आणि झोपाळ्यासारखा परत जागेवर आला. धर्मादादांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

मग ट्रॅक्टर चालूच ठेवून ते खाली उतरले. मी दारातून बघत होते. त्यांनी डब्याच्या मोठ्या चाकाला हात लावला आणि ढकललं. चाक फिरलं. सायकल उलटी करून ठेवली की फिरतं तसं, मोकळं, बराच वेळ फिरत राहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हलका झाला होता. "चाकं जमिनीला नायत."

६

डबा मधोमध, पाइपाच्या जागी उचलला गेला होता. दोन्ही बाजूंनी चाकं लोंबत होती. खाली शिरायला कडेने थोडीशी फट होती, पण धर्मादादांच्या अंगाला पुरणारी नाही. नामाने प्रयत्न केला, त्याचंही डोकं अडलं. मी अंगाने काडी होते.

मावशींचा हात गिरजाच्या पोटावर ठेवला, कसं दाबून धरायचं ते दाखवलं. धर्मादादांनी माझ्या हातात करवतीचं पातं दिलं. "पाइप कापा. वरून कापा, टाकीजवळ. बाकी काय बगू नका."

मी पोटावर सरकत आत गेले. वरती पत्र्याला पाठ घासत होती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत त्या उन्हाची एक पट्टी येत होती, तेवढ्या उजेडात दिसत होतं. करडी माती चढत चढत वर गेली होती. तिच्यावर एक भेग नव्हती. तिला आंबूस-गोड वास येत होता. तो वास मी ओळखला आणि तोंडाने श्वास घ्यायला लागले.

पाइप मातीत गेला होता. कॉकसुद्धा आत गेला होता. पाइपाभोवती मातीची कड गोल, घट्ट बसली होती, आणि ती कड हलत होती.

मी पातं टेकवलं. पातं पहिल्यांदा घासताच पाइप आतून थरथरला. ओढ वाढली. वर गिरजा कळवळून ओरडली आणि मावशी ओरडल्या, "बाय, परत सुरू झालं! भळाभळा येतंय!" मी हात थांबवला. ओढ मंदावली. पुन्हा पातं लावलं, पुन्हा तसंच. जोर केला की ते अधिकच घट्ट धरत होतं.

मला ते तेव्हा सुचलं असं म्हणता येणार नाही. ते हातालाच सुचलं. बाळ आईला लागलेलं असताना सोडवायचं असेल तर ओढायचं नसतं. ओढलं तर आईला इजा होते, ते सोडत तर नाहीच. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी हळूच आत सरकवायची. हवा शिरली की पकड आपोआप सुटते. शेकडो आयांना मी हे शिकवलं होतं.

मी पातं टाकलं आणि पाइपाला लागून, त्या कडेच्या आत करंगळी घातली.

आत गरम होतं. ओलं होतं. आणि थोडं आत गेल्यावर करंगळीला जे लागलं ते मातीचं नव्हतं. मऊ होतं, आतून टणक. मी ते रोज चाचपून बघत असे, नव्या बाळांच्या तोंडात. हिरडी.

मी करंगळी वळवली.

पुच्च असा एवढासा आवाज झाला. कड सुटली. माझ्या खालची जमीन श्वास सोडल्यासारखी बसली आणि मी तिच्याबरोबर खाली गेले, आणि वरून डबा धाडकन चाकांवर आला. माझ्या पाठीपासून बोटभर अंतरावर थांबला. त्याच वेळी रडणं ऐकू आलं. खणखणीत, रागावलेलं. मला वाटलं, धक्क्याने गिरजाची पोर जागी झाली.

माझा हात अजून पुढेच होता. करडा उंचवटा आता पाइपापासून सुटून मोकळा झाला होता. मी त्याच्याकडे बघितलं. एकदाच, उन्हाच्या त्या पट्टीत. तो इकडून तिकडे हलला, तिकडून इकडे. मग माझ्या हाताची बाजू त्याला लागली आणि तो माझ्याकडे वळला.

नामाने माझे पाय धरून मला बाहेर खेचलं. "ओढा!" मी ओरडले. ट्रॅक्टर निघाला. मी धावत दारात चढले. मागे वळून बघितलं नाही. धर्मादादांनी बघितलं, कारण त्यांना वळण घ्यायला मागे बघावंच लागलं. काय बघितलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मैदान ओलांडताना त्यांनी ट्रॅक्टर कसा हाकला एवढंच मला माहीत आहे.

७

गिरजा वाचली. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात तिला वेळेवर रक्त मिळालं. संस्थेने डबा पुन्हा बाहेर काढला नाही. वाड्यांसाठी जीप घेतली. आमच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. काही माती पाणी पिऊन फुगते, म्हणाल्या. तू अंधारात, घाबरलेली, समोर बाई मरतेय. त्या वेळी हाताला काहीही लागल्यासारखं वाटतं. मला ते पटलं. पटवून घेतलं. धर्मादादा एकदा हेदवाडीला जाऊन आले. मैदान सपाट आहे, पोरं खेळतायत, एवढंच म्हणाले.

तरी गिरजाला मी हेदवाडीला जाऊ दिलं नाही. कारण काय सांगणार? अशक्तपणा आहे, चढण सोसायची नाही, असं सांगून तिला माहेरी वैशाखऱ्याला पाठवलं. नामा चिडला, पण गेला पोचवायला.

दीड महिन्याने ती बाळाला टोचायला मुरबाडला, संस्थेच्या दवाखान्यात, घेऊन आली. एकटीच, एसटीने. मुलगी भरली होती. मी टोचलं, ती रडली, गिरजाने तिला पदराखाली घेतलं, ती गप झाली. मी दुसरीकडे बघत सुई टाकून दिली.

"सिस्टर," गिरजा म्हणाली, "एक इचारू? त्या दिशी तुमी खाली गेल्यावर कोन रडलं?"

"तुझी लेक. डबा आपटला ना, जागी झाली."

"नाय ओ. ही माझ्या अंगावर निजली होती. उठलीच नाय. मुरबाडला पोचेस्तोवर उठली नाय." "खालून रडलं. मी आयकलं. मावशीनं पन आयकलं, पन ती सांगत नाय."

मी टोचल्याची नोंद वहीत करायला घेतली.

"तवा माझ्या अंगात रगत नव्हतं, डोळं उघडत नव्हतं," ती म्हणाली. "पन त्यो आवाज आला आन मला पान्हा फुटला. पयला पान्हा तवाच फुटला, सिस्टर. हिच्यासाठी नाय."

बाळ पीत होतं. खोलीत तेवढाच आवाज होता.

"ते तसंच रडत ऱ्हायलं असंल का ओ?" गिरजाने विचारलं.

"गिरजे, ती माती होती. पाण्याने फुगलेली माती."

"व्हय," ती म्हणाली. तिने मान डोलावली, पण ती माझं ऐकत नव्हती. बाळ एका बाजूला पीत होतं आणि दुसऱ्या बाजूला तिच्या चोळीवर ओला डाग पसरत चालला होता. तिने तो झाकला नाही. "आयला भूक कळती ना, सिस्टर. कुनाची का असंना."

मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं. वैशाखऱ्याला जा, थेट जा, नामा बोलावायला आला तरी जाऊ नकोस. तिने हो म्हटलं. मला नमस्कार केला. बाळाला खांद्यावर टाकून ती समोरच्या एसटी स्टँडवर गेली.

दवाखान्याच्या खिडकीतून स्टँड दिसायचा. एका बाजूला वैशाखऱ्याकडे जाणारी एसटी लागायची. दुसऱ्या बाजूला हेदवाडीकडे जाणाऱ्या जीपा. पुढची बाई आत येऊन टेबलावर बसली होती, मला हाक मारत होती, पण मी खिडकीतच उभी राहिले.

वैशाखऱ्याची एसटी आली. माणसं चढली. कंडक्टरने गिरजाकडे बघून काहीतरी विचारलं. मग घंटी वाजली आणि गाडी निघून गेली.

धूळ खाली बसली. गिरजा तिथेच उभी होती, बाळाला छातीशी धरून, जीपांकडे तोंड करून.